चांगली साडी नेस, मग काढू!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक सभ्य संकेत आहे. वाचक पुढ्यात फराळाची बशी घेऊन बसलेला असतो, घरात पाहुणे असतात, मुले किल्ल्यावरचे मावळे मोजत असतात; अशा वेळी त्याला कथा द्यावी, कविता द्यावी, फार तर राशिभविष्य द्यावे. पण काय करू? वर्षभर वर्गात पोरांचे कान धरणाऱ्या मास्तराला मोठ्या माणसांचे कान धरायला दिवाळी अंकाखेरीज दुसरी जागा मिळत नाही. तेव्हा एक चकली तोंडात टाका आणि माझे ऐकून घ्या. भांडण तुमच्याशीच आहे, आणि ते तुमच्या घरातल्या फोटोंवरून आहे.

"हा कोण टिकोजीराव लागून गेला?" असे आपण विचारण्याआधीच सांगून टाकतो. मी चिपळूणचा. जुन्या भाषेत मॅट्रिक, नव्या भाषेत दहावी पास. पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत चित्रकला शिकवू लागलो. दोन-तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. छायाचित्रणाचे शास्त्र मी कुठेही शिकलेलो नाही. पण फोटो न काढल्याची शिक्षा काय असते, ते मी भोगलेले आहे. त्या एका अधिकारावर मी बोलतो आहे.

आता तुमच्याच घरातली नरक चतुर्दशी आठवा. पहाटे चारला घर उठते. पोरे थंडीने कुडकुडत पाटावर बसतात, डोक्यावरून तेल ओघळते, उटण्याचा वास घरभर होतो. आमच्याकडे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. ते कडू बी जिभेला लावताना धाकट्यांची जी तोंडे होतात, ती जगातल्या कुठल्याही नटाला साधायची नाहीत. या सबंध सोहळ्यात फोटो किती निघतात? एकही नाही. फोटो निघतात ते आठ वाजता. सगळे कडक इस्त्रीत आले, बायकांच्या नथी जागेवर बसल्या, म्हणजे घरातला कोणी हौशी काका सर्वांना पायरीवर उंचीप्रमाणे उभा करतो आणि ओरडतो, "हसा!" जे तासापूर्वी पोट धरून हसत होते, ते आता दात दाखवतात.

मग फराळाची पाळी. ताटाभोवती पणत्या मांडतात, करंज्यांची तोंडे एका दिशेला करतात. "आजी, लाडू पुन्हा एकदा तोंडाशी न्या, मघाशी डोळे मिटले होते." म्हातारी तीनदा लाडू तोंडाशी नेते, आणि तो काही तिच्या तोंडात जात नाही. आणि जिने रात्री दोन वाजेपर्यंत कढईसमोर बसून हे सगळे तळले, कपाळाला केस चिकटलेले, मनगटावर तेलाचा चटका, ती कुठे आहे? तिला सर्वांत शेवटी हाक जाते. "अगं, ये की लवकर! तुझ्याचसाठी थांबलोय." ती पदराला हात पुसत येते आणि मागच्या रांगेत उभी राहते. फोटोत तिचा अर्धा चेहरा दिराच्या खांद्याआड गेलेला असतो.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे की आपण फोटो भरपूर काढतो, पण घराचे काढत नाही. आपण फोटो काढतो ते घर ज्या दिवशी घरासारखे नसते त्या दिवसांचे. लग्न, मुंज, बारसे, वाढदिवस, सहल. वर्षाचे ते दहा-पंधरा दिवस. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत जे घडते, ज्याला आपण संसार म्हणतो, त्याचा पुरावा आपण मागे ठेवत नाही.

हा रोग नुसता कॅमेऱ्याचा नव्हे. माझ्या वर्गातही तो मी दरवर्षी पाहतो. शाळा सुरू झाली की नव्या वर्गाला मी पहिल्याच तासाला सांगतो, "तुमचे घर काढा." चाळीस कागद येतात आणि त्यांतल्या निदान पस्तीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर असतात, मधे अर्धा सूर्य, त्याला काड्यांसारखे किरण, डोंगरातून उतरणारी नदी, काठावर झोपडी, आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. पोर राहते बाजारपेठेतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर; त्याच्या खिडकीतून दिसलाच तर परशुरामचा डोंगर दिसतो, तोही एकच. पण त्याला कोणीतरी पटवून दिलेले असते की चित्रातले घर असे असते, आणि आपले घर चित्रात काढण्याजोगे नाही. स्मरणचित्राच्या तासाला पोराचे स्वतःचे स्मरण सोडून बाकी सगळे कागदावर उतरते.

एका वर्षी एका मुलीने मात्र डोंगर काढले नाहीत. तिने न्हाणीघराचे दार काढले. दारावर तीन टॉवेल, खाली उंबऱ्याशी पाच जणांच्या पाच तऱ्हेच्या चपला, आणि दाराबाहेर बादली घेऊन नंबर लावून बसलेला भाऊ. वर्ग तिला हसला. मी ते चित्र भिंतीवर लावले आणि सगळ्यांना सांगितले की घर याला म्हणतात. आपले अल्बम मी चाळतो तेव्हा मला ते दोन डोंगर आणि मधला सूर्यच आठवतो. पायरीवरची ती रांग म्हणजे आपले त्रिकोणी डोंगर आहेत.

आता माझी शिक्षा सांगतो.

वडिलांचा एक क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलात बारा फोटो. गणपतीला घातलेला रोल कधीकधी दिवाळीपर्यंत पुरवावा लागे. पुढे २००३ मध्ये नोकरीच्या पैशांतून मी स्वतःचा छत्तीस फोटोंच्या रोलाचा कॅमेरा घेतला आणि सुटीच्या दिवशी वाशिष्ठीच्या काठाने हिंडू लागलो. मी सूर्यास्त काढले. खाडीतल्या होड्या काढल्या. पावसाळ्यातले धबधबे काढले. स्वतःला मी मोठा कलावंत समजत होतो. २००६ च्या एका सकाळी मी असाच बाहेर पडत होतो. आई मागल्या दाराशी विळीवर बसून नारळ खवत होती. गुडघ्याशी ताट, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून दोरा बांधून कानाला अडकवलेला. तिने मान वर केली आणि म्हणाली, "एवढे फोटो काढतोस, माझा एक काढ की."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अशा अवतारात? चांगली साडी नेस, मग काढू. रविवारी काढू."

ती हसली आणि पुन्हा खवायला लागली. एवढेच झाले. भांडण नाही, रुसवा नाही. तिने पुन्हा कधी विचारले नाही आणि मलाही पुन्हा आठवण झाली नाही. त्यानंतर आठ वर्षे रविवार येत होते. त्या आठ वर्षांत माझ्या खिशात कॅमेऱ्याचा फोनसुद्धा आला. २०१४ च्या एप्रिलमध्ये आई गेली.

दहाव्या दिवसापर्यंत भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आम्ही भावंडांनी अल्बम काढले. नात्यातली अकरा लग्ने होती. अकराही अल्बमांत आई होती, आणि एकाही फोटोत ती धड दिसत नव्हती. कुठे मागच्या रांगेत, कुठे अक्षतांची ताटली घेऊन पाठमोरी, कुठे पंगतीत वाढताना वाकलेली. शेवटी एका स्टुडिओवाल्याने एका गर्दीच्या फोटोतून तिचा चेहरा कापून काढला आणि तो एका तयार धडाला चिकटवून दिला. त्या धडावर जांभळी पैठणी आहे. आईकडे जांभळी पैठणी कधी नव्हती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही त्याने पुसून दिल्या, आपण होऊन, जादा पैसे न घेता.

तो फोटो आमच्या भिंतीवर लागला. आई गेली तेव्हा माझी मुलगी वर्षाची होती. बोलायला लागल्यावर ती एकदा त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी अशी होती?" मी "हो" म्हणालो. तो खोटेपणा मला अजून बोचतो. पुढे एका कादंबरीत मला आईसारखी एक बाई हवी होती. लिहायला बसलो आणि लक्षात आले की तिच्या काकणांचा रंग मला सांगता येत नाही. एकतीस-बत्तीस वर्षे ज्या हातांनी मला वाढले, त्या हातांतल्या काकणांचा रंग! खाडीवरच्या सूर्यास्ताचे सत्तर-ऐंशी फोटो माझ्या कपाटात होते. सूर्य काय, आजही मावळतो.

"चांगली साडी नेस, मग काढू" हे वाक्य माझे एकट्याचे नाही, हे मला पुढे उमगले. ते आपल्या सगळ्या समाजाचे वाक्य आहे. आणि त्याला एक जुने कारणही आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये डागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एक चित्र उठायला कित्येक मिनिटे लागत. माणसाने तेवढा वेळ दगडासारखे बसावे लागे. पुढेही बरीच वर्षे डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. ताठ बसणे, श्वास धरणे, हसू न येऊ देणे ही सगळी त्या यंत्राची गरज होती. १८८८ मध्ये ईस्टमनने शंभर चित्रांचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती दिला. आता तर कॅमेऱ्याची उघडझाप सेकंदाच्या शंभराव्या भागात होते. यंत्राने आपल्याला केव्हाच मोकळे केले. पण चिमटा काही सुटला नाही. तो आता लोखंडाचा नाही, एवढेच. "सरळ उभा राहा, केस नीट कर, तो पसारा बाजूला घे" हा तोच चिमटा आहे.

यावर लोक मला जी उत्तरे देतात, ती मला पाठ झाली आहेत. एकेक घेतो.

पहिले उत्तर असे, की "रोजचे काय काढायचे? रोज तेच तर असते!" असे म्हणणाऱ्याला मी आपल्या दादासाहेब फाळक्यांकडे पाठवतो. "राजा हरिश्चंद्र" १९१३ मध्ये आला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच्या आदल्या वर्षी, चित्रपटाला भांडवल मिळावे, पैसेवाल्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी काय दाखवले? देव नाही, दानव नाही, युद्ध नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोखून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ नेमाने थोडे थोडे चित्रण केले. ती फीत भराभर फिरवली तेव्हा वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होताना लोकांनी पाहिला. कुंडीत रोज तेच होते की! रोज पाहणाऱ्याला "तेच" दिसते, म्हणून तर रोज एक चित्र ठेवायचे. आपल्या घरातही वाटाणा वाढतो आहे. पोराच्या चड्डीखालून गुडघा केव्हा बाहेर आला, वडिलांनी जिना चढताना कठड्याला केव्हा हात लावायला सुरुवात केली, ते आपल्याला कळत नाही. फोटोंची चळत सांगते.

दुसरे उत्तर जरा शहाण्यांचे आहे. "फोटो काढण्याच्या नादात जगायचे राहून जाते हो!" खरे आहे, शंभर टक्के खरे आहे, पण ते चाळीस फोटो काढणाऱ्याला लागू आहे. एक फोटो काढायला किती वेळ लागतो? कांदा परतत असलेल्या बायकोकडे पाहिले, फोन उचलला, एकदा दाबले, खिशात टाकला. बारा फोटोंच्या रोलाने आमच्या वडिलांना जो विवेक शिकवला, तो आपण स्वखुशीने पाळावा. दिवसाला एक. फार तर सणाला दोन. ज्याला एकच काढायचा असतो तो आधी पाहतो; ज्याला चाळीस काढायचे असतात तो नंतरही पाहत नाही.

तिसरे उत्तर अभिमानाचे असते. "आमच्या फोनमध्ये बारा हजार फोटो आहेत, मास्तर!" असतील. त्यांतले देवांचे आणि सुप्रभाताचे किती, हॉटेलातल्या थाळ्यांचे किती, पार्किंगच्या खांबांचे आणि बिलांचे किती, ते एकदा मोजा. उरले त्यांतले स्वतःच स्वतःचे काढलेले वजा करा. मग आईचे, तिला कळत नसताना, ती आपल्या कामात असतानाचे किती उरतात ते मला कळवा. शिवाय ते बारा हजार आहेत कुठे? फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, नवा घेताना जुन्यातले नव्यात उतरवायचे राहिले, की संसार गेला. बरे, हल्लीचे काही फोन इतके शिष्ट आहेत, की न विचारता सुरकुत्या पुसून, गाल गोरे करून देतात. आमच्या स्टुडिओवाल्याने आईचे जे केले, ते आता घरोघर जिवंत माणसांचे होते आहे.

चौथे उत्तर घरच्या बायका देतात, आणि त्याला मी मान देतो. "घर किती पसरलेय, आणि तुम्ही फोटो काय काढताय!" आमच्या सौ.नेही पहिल्याच आठवड्यात बजावले, "अहो, मी गाऊनवर असताना काढलात तर फोन विहिरीत टाकीन." तिचे बरोबर होते. तेव्हा आमच्यात करार झाला. घरचा फोटो घराबाहेर जाणार नाही. कोणाला पाठवायचा नाही, कुठे लावायचा नाही. ज्याचा फोटो, त्याला तो फाडण्याचा हक्क. पहिल्या वर्षी तिने सतरा फाडले. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी एके संध्याकाळी पिठाने भरलेले हात घेऊन ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आज काढला नाहीत का?" भीती फोटोची नव्हती, लोकांच्या डोळ्यांची होती. ते डोळे दाराबाहेर ठेवले की माणूस आपल्या घरात आपल्यासारखा वावरतो.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचे आहे. होमाई व्यारावालांचे नाव आपण ऐकले असेल. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांनी आरंभी काढलेल्या फोटोंत मुंबईतले साधे रोजचे जीवन आहे. आणि ते छापले गेले ते त्यांच्या पतीच्या नावाने. बाईने पाहिले आणि पुरुषाचे नाव लागले! आपल्या घरात अजून तेच चालू आहे. फोटो काढणारा बाप, म्हणून बापाला सुंदर वाटेल तेच घर. मी एके दिवशी फोन मुलीच्या हाती दिला. तिने काय काढले? दुपारी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन जमिनीवर घोरत पडलेला मी. पोट वर आलेले, एका पायाचा अंगठा वाळत घातलेल्या धोतराला लागलेला. मला तो फाडावासा वाटला. पण करार म्हणजे करार, हक्क वापरण्याआधी मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "फाडू नका. हेच तुम्ही." तो ठेवला.

आता हे करावे कसे, ते मास्तराच्या सवयीने सांगतो. यात काहीही अवघड नाही. फोनची काच दिवसभर बोटांच्या तेलाने माखलेली असते. आधी ती मऊ सुती कापडाने पुसा, निम्मे फोटो तिथेच सुधारतील. झगमगणारा दिवा लावू नका. खिडकीचा उजेड घ्या, तो फुकट आहे आणि त्यात माणसाची कातडी कातडीसारखी दिसते. खिडकी आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावी, समोर नको. मूल असेल तर त्याच्या उंचीला बसा. वरून काढले की पोराचे नुसते टाळके येते. "हसा" म्हणू नका, "इकडे बघा" म्हणू नका. काम चालू असू द्या. पसारा हलवू नका. तो पितळेचा डबा, ती कोपऱ्यातली छत्री, भिंतीवरचे कॅलेंडर, हीच उद्याची मौल्यवान वस्तू आहे.

महिना संपला की तीस फोटो घेऊन सगळे एकत्र बसा आणि चार-पाच निवडा. ते छापून घ्या. मागे मऊ शिसपेन्सिलीने तारीख, नावे आणि एक ओळ लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. "डावीकडून दुसरा कोण?" हे कोडे नातवंडांच्या माथी मारू नका. चिकट पानांचे अल्बम घेऊ नका. त्या पानांचा डिंक काही वर्षांनी फोटोच खातो. आणि प्रत्येकाची एक जादा प्रत काढून दुसऱ्या गावी ठेवा. आम्ही दर भाऊबीजेला वर्षभराचा एक संच पुण्याला बहिणीला देतो. ओवाळणीचे पाकीट असतेच. हे दुसरे पाकीट.

त्या दुसऱ्या पाकिटाची किंमत आम्हाला २०२१ मध्ये कळली. जुलैच्या २१ तारखेच्या रात्री पाऊस थांबेना, आणि २२ ला पहाटे वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. ज्यांनी २००५ चा पूर पाहिला होता, तेही म्हणाले की असे पाणी पाहिले नाही. आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तो गुडघाभर चिखल. अकरा लग्नांचे अल्बम फुगून विटांसारखे झाले होते. पान उघडले की दोन्हीकडचे वऱ्हाड एकमेकांना चिकटून येई. भिंतीवरची जांभळी पैठणी वाहून गेली. रोजच्या फोटोंचे आमचे खोकेही लगद्याने भरले होते.

पंचनाम्यासाठी काय काय गेले ते लिहून काढायला बसलो, तर आठवेना. ज्या घरात जन्म काढला, त्या घरातल्या फळीवर काय होते ते नवरा-बायकोला सांगता येईना. ऑगस्टमध्ये बहीण पुण्याहून आली आणि तिने पिशवीतून सहा भाऊबीजांचे सहा संच काढले. ओल्या जमिनीवर चटई टाकून आम्ही ते पाहिले. "अहो, हा आपला पिवळा डबा!" "बाबा, माझी फुटलेली पाटी!" तासाभरात घर परत आले. भांडी परत आली नाहीत, पण घर आले. लग्नाच्या अकरा अल्बमांपैकी एकाचीही आठवण त्या दुपारी कोणी काढली नाही.

त्या सहाही संचांत आई नाही. कशी असणार? मी रोजचा फोटो काढायला सुरुवात केली ती २०१४ च्या दिवाळीत, ती गेल्यावर सहा महिन्यांनी. पहिल्या संचातला पहिला फोटो मागल्या दाराचा आहे. खुंटीला विळी टांगलेली, खाली रिकामी जागा, आणि त्या जागेत बसून दीड वर्षाची मुलगी करवंटी चाटते आहे. विळीही पुरात गेली. आता आईचे म्हणून दाखवायला माझ्यापाशी तेवढी जागा आहे.

म्हणून वाचकहो, मी हा एवढा गळा काढला. दादासाहेबांचा वाटाणा आणि होमाईबाईंची मुंबई सांगितली ती पांडित्य मिरवायला नव्हे. आपण बुद्धिमान माणसे आहात. आपल्याला सगळे पटलेलेही असेल. पण पटणे आणि रविवारपर्यंत थांबणे या दोन गोष्टी एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात, हे मी आठ वर्षे पाहिले आहे. तेव्हा माझा आग्रह असा, की हा अंक मिटा आणि आत जा. स्वयंपाकघरात कोणीतरी असेल. शेवटचा घाणा तळत असेल, नाही तर सांडलेला रवा गोळा करत असेल. साडी जुनी असेल, केस विसकटलेले असतील, तोंड दमलेले असेल.

तिला काही सांगू नका. एक काढा. मग तिच्या हातात फोन द्या, आणि झारा आपण घ्या.